चंद्राचा च, चांदण्याचा च

"अहो, निदान त्या भाषेचं नाव तरी नीट घ्या!"

आमच्या सौभाग्यवतींनी हे सुनावले तेव्हा एस्पेरांतो शिकायला बसून मला जेमतेम आठ दिवस झाले होते. निवृत्तीनंतर काकांना काहीतरी छंद हवा म्हणून पुतण्याने एक पातळसे पुस्तक आणून दिले होते आणि मी आल्यागेल्याला मोठ्या ऐटीने 'एस्पेरांटो, एस्पेरांटो' म्हणून सांगत सुटलो होतो. सौ.नी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेले. त्यांनी पुस्तक हाती घेतले, दोन पाने चाळली आणि विचारले, "उच्चारासाठी इटालियन भाषा डोळ्यांसमोर ठेवा, असं लिहिलंय इथे. इटालियन माणूस दातांना जीभ लावून त म्हणतो. मग तुमचा हा ट आला कुठून?"

ट आला इंग्रजीतून. युरोपातली कोणतीही भाषा आपल्याकडे इंग्रजीच्या बोटाला धरून येते. इंग्रजांचा टी आपल्या कानाला ट वाटतो, म्हणून फ्रेंच काय, इटालियन काय, सगळ्यांच्याच तोंडी आपण ट आणि ड कोंबतो. वास्तविक एस्पेरांतोतले टी आणि डी हे आपले सरळसाधे त आणि द. 'तागो' म्हणजे दिवस, 'दोमो' म्हणजे घर, 'दु' म्हणजे दोन आणि 'त्रि' म्हणजे तीन. हे शब्द म्हणायला मराठी माणसाला जीभ वळवावी लागत नाही; उलट इंग्रजीने वळवलेली सरळ करावी लागते.

ज्यांना ही भाषा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लुडविक झामेनहोफ हे तिचे जनक. त्यांचा जन्म १८५९ सालचा, ब्यालिस्तोक या गावचा. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. त्या काळी ते रशियन साम्राज्यात होते. रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू अशा चार जमाती तिथे शेजारी शेजारी राहत आणि एकमेकींकडे संशयाने पाहत. या ज्यू मुलाच्या मनाने घेतले की भांडणाचे एक मूळ भाषेत आहे. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि २६ जुलै १८८७ रोजी वॉर्सा येथे त्याने आपल्या नव्या भाषेचे पहिले पुस्तक काढले. छपाईचा खर्च भावी सासऱ्यांनी दिलेल्या पैशांतून भागला. पुस्तकावर खरे नाव घातले नव्हते. 'डॉक्टर एस्पेरांतो' म्हणजे 'आशा बाळगणारा डॉक्टर' असे टोपणनाव होते, आणि तेच भाषेला चिकटले. आपल्याकडे विनोबा भावे यांनीही तिबोर सेकेल या प्रवासी लेखकाकडून ही भाषा शिकून घेतली होती.

तिच्या व्याकरणाचे मूळ नियम अवघे सोळा. त्यांतला नववा नियम सांगतो की शब्द जसा लिहिला असेल तसाच वाचावा. मुके अक्षर एकही नाही. अक्षरे अठ्ठावीस, त्यांतले स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. आपला अ तिथे नाहीच! 'आमिको' म्हणजे मित्र. त्याला 'अमिको' म्हटले की चुकले.

"जसं लिहितो तसं बोलतो, हे तर आपल्या मराठीचंही वैशिष्ट्य," मी अभिमानाने म्हणालो.

"असं?" सौ. म्हणाल्या. "मग 'चंद्र' म्हणा. आता 'चांदणं' म्हणा."

मी म्हटले, आणि गप्प बसलो. साठ-पासष्ट वर्षे ही भाषा बोलतो आहे. पण चंद्राचा च वेगळा आणि चांदण्याचा च वेगळा, हे कधी ध्यानातच आले नव्हते. चंद्र, चित्र, चिमणी, चहा यांचा च तालव्य. चांदणे, चूल, चोर, चमचा यांचा च दंततालव्य, म्हणजे त आणि स यांची गाठ मारल्यासारखा. लिहिताना दोघांना एकच अक्षर. 'चार गाईंना चारा घाल' या वाक्यात लागोपाठ दोन च येतात आणि दोन्ही निराळे. तरी मराठी मूल चुकत नाही आणि परक्या माणसाला मात्र ते लिपीवरून कधीच कळायचे नाही. ज चीही तीच कथा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द छापील पानावर जुळे भाऊ आहेत, तोंडात मात्र नाहीत.

एस्पेरांतोने ही लपवाछपवी ठेवलेली नाही. चांदण्याच्या च साठी साधा सी, आणि चंद्राच्या च साठी डोक्यावर छोटी टोपी घातलेला सी. टोपीला एस्पेरांतोत म्हणतातही 'चापेलो' (यातला च चंद्राचा), आणि अशा अक्षरांना 'टोपीवाली अक्षरे' असेच नाव आहे. टोपीकडे दुर्लक्ष केले तर काय होते पाहा. बिनटोपीच्या सी ने लिहिलेला 'त्सारो' म्हणजे रशियाचा झार. टोपीच्या सी ने लिहिलेला 'चारो' म्हणजे गाडा. ज्या बादशहाच्या सेन्सॉरच्या परवानगीने हे पहिले पुस्तक छापले गेले, त्याला एका टोपीच्या फरकाने चाके फुटतात!

आणि इथे मराठी माणसाला एक आयतीच सवलत मिळते. शब्दाच्या आरंभी हा त्स म्हणताना इंग्रज अडखळतात. हिंदी भाषकांनाही तो मुद्दाम शिकावा लागतो. आपण तो चुलीपासून चमच्यापर्यंत रोज वापरतो. शंभराला 'त्सेंत' म्हणतात, शांततेला 'पात्सो'. दोन्हींत आपला घरचाच च आहे. नवशिक्यांना सर्वांत धडकी भरवणारा शब्द म्हणजे 'जाणणे' या अर्थाचा 'स्त्सीइ'. स ला लागूनच त्स! पण 'रस चाखला' असे जरा घाईने म्हणून पाहा. 'रस'मधला शेवटचा अ आपण गिळतोच. मग स आणि चाखण्याचा च एकमेकांना भिडतात, आणि तोच उच्चार तयार होतो. ही युक्ती कोणत्याही पुस्तकातली नाही, आमच्या स्वयंपाकघरातली आहे.

ज मध्येही तसेच. टोपीवाला जी म्हणजे 'जीव'मधला ज. 'जोयो' म्हणजे आनंद. दंततालव्य ज ला मात्र स्वतंत्र अक्षर नाही. डी आणि झेड शेजारी मांडून काम भागवतात. नवऱ्याला 'एद्झो' म्हणतात. यातला जोड उच्चार 'जावई'मधल्या ज चा, म्हणजे अगदी नात्यातला. टोपीवाला एस म्हणजे श. जे म्हणजे नेहमी य. आर आपला खडखडीत र. टोपीवाला जे तेवढा आपल्याकडे नाही. इंग्रजी 'प्लेझर'मधला तो झ. टोपीवाला एच म्हणजे घशातून घासत येणारा ख, खानदानी उर्दू बोलणारे 'ख़याल' म्हणताना काढतात तसा. हे अक्षर आता मागे पडत चालले आहे, पुष्कळ शब्दांत त्याची जागा क ने घेतली आहे. तरी 'होरो' म्हणजे तास, 'कोरो' म्हणजे हृदय आणि घशातल्या ख चा 'ख़ोरो' म्हणजे गाणाऱ्यांचा समूह, हे त्रिकूट अजून विद्यार्थ्यांच्या परीक्षेला असते.

या टोप्यांवरून वाद काही कमी झाले नाहीत. छापखान्यात त्यांचे खिळे नसत, टंकलेखन यंत्रावर त्या नसत. १९०७ साली काही मंडळींनी 'इदो' नावाची सुधारलेली भाषा पुढे आणली, तिने टोप्या साफ उतरवल्या. इदो मागे पडली, टोप्या राहिल्या. मला विचाराल तर बरे झाले. चंद्र आणि चांदणे यांच्यात घोटाळा होण्यापेक्षा टोपी परवडली.

आता मराठी जिभेची खरी परीक्षा. दहावा नियम म्हणतो की शब्दाच्या शेवटून दुसऱ्या स्वरावर आघात द्यावा. मी हे मोठ्याने वाचताच आतून आवाज आला, "म्हणजे उपान्त्य!"

शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला ज्या उपान्त्याने आपल्याला रडवले, तोच हा. आणि घोळ असा की मराठीची सवय नेमकी उलटी. शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर आला की आपण उपान्त्य इकार-उकार ऱ्हस्व करतो: किडा, महिना, पिसू. त्याच वळणाने आपण 'आमिको' म्हणतो आणि मि वरून घसरून को वर आपटतो. एस्पेरांतोला हवा 'आमीको'. जोर मी वर. रेडिओला 'रादीओ', कुटुंबाला 'फामिलीओ', इतिहासाला 'हिस्तोरीओ'. एक पंधरवडा मी येताजाता 'फामिलीओ, फामिलीओ' घोकत होतो. शेजाऱ्यांना वाटले, कुणा नव्या औषधाचे नाव असावे.

याच नियमात एक खोच आहे. यू वर छोटी वाटी ठेवली असेल तर तो यू मागच्या स्वरात विरघळतो, वाटी नसेल तर स्वतंत्र उभा राहतो. वाटीचा 'फ्राव्-लो' म्हणजे ब्रह्मचारी, दोन अक्षरी. बिनवाटीचा 'प्रा-ऊ-लो' म्हणजे पूर्वज, तीन अक्षरी. यातला 'प्रा' म्हणजे आपल्या प्रपितामहातल्या प्र चा जणू सोबती. पणजोबांना ते 'प्रा-आ-वो' म्हणतात, दोन्ही आ वेगवेगळे.

पण हे सारे पुस्तकातले झाले. निरनिराळ्या देशांतली माणसे निरनिराळ्या जिभांनी ते बोलू लागली तर एकमेकांना कळेल का? ही शंका फार जुनी आहे. पहिली अठरा वर्षे ही भाषा मुख्यतः पत्रांतून आणि मासिकांतून जगली. तिचा कस लागला तो ऑगस्ट १९०५ मध्ये, फ्रान्समधल्या बुलोन-सुर-मेर या बंदराच्या गावी. वीस देशांतून ६८८ माणसे पहिल्या जागतिक संमेलनाला जमली. झामेनहोफ यांनी एस्पेरांतोत भाषण केले आणि सभागृहाला ते समजले. त्याहून मजेदार गोष्ट म्हणजे मोलिएरचे एक प्रहसन तिथे रंगले आणि त्यातली पात्रे निरनिराळ्या देशांच्या हौशी नटांनी वठवली. प्रहसनाचा विषय जबरदस्तीचे लग्न, आणि नावात तोच 'जावई'चा ज असलेला 'एद्झीजो', म्हणजे विवाह! प्रत्येकाच्या बोलण्याला आपापल्या मुलखाचा वास होता. पण पाच स्वर स्वच्छ आणि आघात जागच्या जागी असला की तेवढा वास पचतो.

उच्चार शिकवण्याची एक नामी रीतही पुढे निघाली. ट्रान्सिल्व्हेनियातले आंद्रेओ चेह नावाचे कॅथलिक धर्मगुरू १९२० च्या सुमारास वर्ग घेऊ लागले. विद्यार्थ्यांच्या मातृभाषेचा आधार घ्यायचा नाही. शिक्षकाने सोपा प्रश्न विचारायचा आणि साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर द्यायचे. आपल्या जुन्या शाळांतले पाढेच म्हणा ना! एकट्याला वाटणारी लाज त्या गजरात बुडून जाते, आणि आघात चुकला तर कानाला आपोआप खटकतो.

झामेनहोफ यांची धाकटी मुलगी लिडिया याच पद्धतीने देशोदेशी वर्ग घेत असे. १९३७ साली ती अमेरिकेला गेली. शिकवण्याचे पैसे घेतले या कारणावरून तिथल्या सरकारने तिचा मुक्काम वाढवून दिला नाही आणि १९३८ च्या अखेरीस ती पोलंडला परतली. पुढच्याच वर्षी युद्ध आले. भाऊ आदाम याला नाझींनी १९४० मध्ये गोळ्या घातल्या. लिडिया आणि तिची बहीण झोफिया यांचा अंत १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या छावणीत झाला. वडील १९१७ मध्येच गेले होते. त्यांना हे पाहावे लागले नाही. मात्र लिडियाने ज्यांच्याकडून एका सुरात उत्तरे घोकून घेतली, ती माणसे कितीतरी देशांत विखुरलेली होती, आणि त्यांतल्या अनेकांनी पुढे आपापले वर्ग चालवले.

आमच्या घरी वर्ग दोघांचाच. दिवेलागणीनंतर वीस मिनिटे. पुतण्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रणे लावून दिली आहेत. तिकडचा आवाज प्रश्न विचारतो, इकडे आम्ही एका सुरात उत्तर देतो. एस्पेरांतोत 'मी' म्हणजे मीच, आणि 'ने' म्हणजे नाही. त्यामुळे पहिले पूर्ण वाक्य सौ.ना माझ्याआधी साधले. परवा चष्मा सापडेना म्हणून मी घरभर शोधत होतो. स्वयंपाकघराच्या दारातून विचारले, "अगं, माझा चष्मा पाहिलास का कुठे?"

फोडणीचा चर्र आवाज झाला आणि त्यावर सौ.चे स्पष्ट उत्तर आले. स ला भिडलेला चांदण्याचा च, आघात उपान्त्यावर, सगळे जिथल्या तिथे:

"मी ने स्त्सीआस!"