सत्तावीस रुपयांची बाकी

आमच्या वस्तीतल्या बायकांच्या बचतीचा हिशेब एक ताई ठेवतात. शिक्षण सातवीपर्यंत, चार घरची धुणीभांडी करून संसार चालवतात. मागे एका महिन्यात वहीतल्या बेरजेपेक्षा पेटीतली रोकड २७ रुपयांनी कमी भरली. तोंडावर कुणी बोलले नाही, पण नळावर कुजबुज सुरू झाली. ताई वही घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, पैशाला मी हात लावलेला नाही."

आम्ही आधी २७ ला ९ ने भागले. बाकी शून्य. आमचा जन्म कारकुनीत गेला. अशी बाकी दिसली की आम्ही आधी आकड्यांवर संशय घेतो, माणसावर नंतर.

असे का, ते समजायला सोपे आहे. २९ लाडू ४ मुलांना वाटले तर प्रत्येकाला ७ येतात आणि १ उरतो. तो १ म्हणजे बाकी. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते. ४ लाडू उरले तर आणखी एक फेरी वाटता येईल. काहीच उरले नाही तर निःशेष भाग गेला.

आता ९ ने भागा. प्रत्येक दहातून नऊ गेले की १ उरतो. प्रत्येक शंभरातून नव्याण्णव गेले की १ च उरतो. म्हणून ५२४ मधल्या पाच शंभरांचे ५, दोन दहांचे २ आणि सुटे ४ उरतात. बेरीज ११, त्यातून ९ गेले, बाकी २. भागाकार करून पाहा, ९ गुणिले ५८ म्हणजे ५२२, बाकी २ च येते.

म्हणजे अंकांची जागा बदलली तरी त्यांची बेरीज तीच, म्हणून बाकीही तीच. दोन्ही संख्यांची बाकी सारखी असली की त्यांच्या वजाबाकीला ९ ने निःशेष भाग जातो. शून्य जास्त पडले तरी तेच होते: ३ चे ३० झाले की फरक २७.

२७ भागिले ९ म्हणजे ३. तेव्हा ज्यांच्या अंकांत ३ चा फरक आहे अशा दोन अंकी रकमा आम्ही शोधू लागलो: ४१, ५२, ६३. शिवाय ३० च्या नोंदी. नुसता भाग गेला म्हणजे चूक सिद्ध होत नाही. नोंद सापडावी लागते. तिसऱ्या पानावर ती सापडली. व्याजाची रक्कम वहीत ६३, पावतीपुस्तकात ३६!

पुढच्या बैठकीत ताईंनी स्वतः उभे राहून ही दोन्ही पाने सर्वांना दाखवली. वही आजही त्यांच्याकडेच आहे.

आपल्या घरातल्या मुलांना ही रीत जरूर शिकवा. भागाकार फक्त परीक्षेपुरता नसतो. कधी कधी तो एखाद्या गरीब बाईची अब्रू राखतो.