शेकरूचे जंगल आणि दहा टक्के सावली

भीमाशंकरच्या देवळामागून गुप्त भीमाशंकराकडे जाणारी पायवाट उतरू लागली की थोड्याच वेळात ऊन मागे राहते. मी पहिल्यांदा त्या वाटेने गेलो तो शेकरू पाहायला. ते काही दिसले नाही, दिसली ती घरटी. पालापाचोळा आणि काटक्या यांचे मोठे गोळे, उंच फांद्यांच्या बारीक टोकांशी अडकलेले. बरोबर महादेव कोळी समाजातले एक वयस्क गृहस्थ होते. मी एकेका घरट्याखाली मान वर करून उभा राहू लागलो, तसे ते हसले. म्हणाले, "समदी एकाचीच हायेत. आज कंच्यात हाय, ते त्यालाच ठावं."

एक शेकरू आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी बांधते. त्यातल्या एखाद्यातच पिल्ले वाढतात, बाकीची झोपण्यासाठी. बारीक फांदी निवडण्यामागे हिशेब आहे. शेकरूचे वजन दीड-दोन किलो, तेवढे ती पेलते; बिबट्या तिथवर येऊ शकत नाही. शेपटीसकट जवळजवळ मीटरभर लांबीचा हा प्राणी दिवसा वावरतो, दुपारी फांदीवर पसरून विश्रांती घेतो आणि जमिनीवर सहसा उतरत नाही. त्याचे रस्ते झाडांवरून जातात. सहा मीटरांपर्यंतची झेप तो घेतो. दोन झाडांमधले अंतर त्याहून वाढले, की त्याच्या दृष्टीने तिथे जंगल संपते.

भीमाशंकरचे रान त्याला मानवते ते या कारणाने. हजार मीटरांच्या आसपासची उंची, पावसाळ्यात अंगावर येणारा वारा आणि कड्यावरचे धुके, यामुळे इथली झाडे फार उंच होत नाहीत. मात्र माथे एकमेकांत गुंतलेले असतात. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य मंडळी, जोडीला पारजांभूळ, आंबा, आंबगुळासारख्या वेली. अंजनीचे लाकूड लोखंडासारखे कठीण. उन्हाळ्याच्या तोंडी तिच्या फांद्यांना निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके चिकटतात, तेव्हा सगळे झाड शाईत बुडवून काढल्यासारखे दिसते. जांभळे पिकतात ती पावसाच्या आगेमागे. फळांचा असा प्रत्येकाचा हंगाम वेगळा, आणि मधल्या भाकड दिवसांत शेकरू पाने, फुले, बिया, सालसुद्धा खाते. रेने बोर्जेस यांनी 1980च्या दशकात इथल्या शेकरांच्या आहाराचा अभ्यास केला. सांगायचे एवढेच, की एका जातीच्या झाडांवर शेकरूचे वर्ष निघत नाही; त्याला विविध झाडे लागतात, आणि तीही फांदीला फांदी लागून.

या रानात पडलेले लाकूडही कामाला येते. भर पावसाळ्यात, अमावास्येच्या सुमारास इथल्या कुजक्या फांद्या हिरवट उजळतात. लाकडात पसरलेल्या बुरशीचा तो प्रकाश. विजेरी विझवून दहा मिनिटे उभे राहावे लागते, मग डोळ्यांना तो सापडतो. सरपण म्हणून सगळे खाली पडलेले उचलून नेले, तर तो दिसणार नाही.

आता जंगल मोजण्याच्या पद्धतीकडे येतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था 1987पासून साधारण दर दोन वर्षांनी देशातल्या वनांचा अहवाल काढते. त्यात वनाच्छादनाची व्याख्या अशी, की एक हेक्टर किंवा त्याहून मोठी, दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछाया असलेली कोणतीही जमीन. मालकी कोणाची आणि झाड कोणते, हा प्रश्न व्याख्येत नाही. त्यामुळे आमराईही त्यात येते, निलगिरीची लागवडही येते. संस्थेने हे लपवलेले नाही, अहवालातच स्पष्ट लिहिलेले असते. आपणच ते न वाचता 'जंगल वाढले' असे मथळे वाचतो.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. या मोजणीसाठी ज्या उपग्रहचित्रांचा वापर होत आला, त्यांतला एक ठिपका जमिनीवरचा साडेतेवीस मीटर लांब-रुंद तुकडा असतो. रानातला रस्ता दहा मीटर रुंद केला, दोन्ही बाजूंची अंजनी-जांभळे तोडली, तरी तो ठिपका हिरवाच राहू शकतो. शेकरूची झेप सहा मीटर. म्हणजे त्याचे जंगल जिथे दुभंगते, ती भेग आपल्या हिशेबाच्या डोळ्याला दिसेलच असे नाही.

1980च्या वनसंवर्धन कायद्याखाली वनजमीन दुसऱ्या कामाला दिली, की बदल्यात अन्यत्र झाडे लावण्याची अट घातली जाते. अट वाईट नाही. पण लावायला सोपी काय, तर भराभर वाढणारी आणि गुरे न खाणारी झाडे. आमच्या गावाजवळच्या टेकडीवर गिरिपुष्प लावले आहे. मध्य अमेरिकेतले हे झाड. याला उंदीरमारी असेही म्हणतात, त्यावरूनच त्याचा स्वभाव कळावा. शेताच्या बांधावर ते उपयोगी आहे, त्याचा पाला उत्तम खत होतो, हे मी नाकारत नाही. पण टेकडीभर तेच एक झाड उन्हाळ्यात पानगळ होऊन उभे असते, तेव्हा तिथे ना सावली, ना फळ. चित्रात मात्र पावसाळ्यानंतर ती टेकडी सुरेख हिरवी दिसते. भीमाशंकरला 1985 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण ज्या माथ्यांवरून आज शेकरू चालते, ती झाडे त्याच्या कितीतरी आधीची आहेत. मुदतीत उभे करण्याचे हे काम नव्हे.

शेकरू मला दिसले ते तिसऱ्या खेपेला, रस्त्याच्या कडेला. तांबूस पाठ, फिकट शेपूट. जांभळाच्या फांदीवरून ते टोकापर्यंत आले, फांदी वाकली, तसे थांबले. पलीकडच्या कडेला अंजनी होती. मधून एक एसटी गेली, मागोमाग दोन गाड्या. शेकरू बराच वेळ तसेच बसून राहिले, मग वळले आणि आले त्याच फांदीने आत गेले.

"आदी हितनंच पलीकडं जायचं," म्हातारबाबा म्हणाले. "मधी एक झाड हुतं."