विश्लेषण : चिमुकल्या श्वानपिल्लाची साखर अचानक का घटते? ओळखायची कशी, टाळायची कशी?

संध्याकाळी घरी आणलेले पोमेरेनियनचे पिल्लू नव्या घरात दुडदुडत राहते, मुले त्याला खाली ठेवत नाहीत, वाटीतले खाणे तसेच राहते. सकाळी मात्र ते उठत नाही. उठलेच तर झिंगल्यासारखे चालते. ‘दमले असेल, झोपू दे’ असे म्हणून घरचे गप्प बसतात. हीच वेळ जिवावर बेतू शकते. रक्तातील साखर घटणे, म्हणजेच हायपोग्लायसेमिया, हे यामागचे एक प्रमुख कारण असते.

लहान जातींनाच धोका का?

चिहुआहुआ, यॉर्कशायर टेरियर, पोमेरेनियन, माल्टीज, टॉय पूडल या ‘टॉय’ जातींची पिल्ले जेमतेम काही शे ग्रॅमची असतात. यकृतात साठवलेली साखर, स्नायू आणि चरबी तिन्ही कमी. याउलट मेंदूला साखर सतत लागते आणि लहान शरीरातून उष्णताही लवकर निघून जाते. टाकी छोटी, इंजिन अखंड सुरू असा हा प्रकार. त्यामुळे काही तासांचा उपासही महागात पडतो. पहिले तीन-चार महिने धोका सर्वाधिक असतो. थंडी, प्रवास, जागाबदल, जंत आणि जुलाब यांमुळे तो वाढतो.

लक्षणे कोणती?

सुरुवातीला मरगळ, खाण्यास नकार, थरथर. मग तोल जाणे, मान खाली पडणे, नजर शून्यात लागणे, हिरड्या फिक्या पडणे. शेवटी झटके आणि बेशुद्धी. श्वानांच्या रक्तात साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर साखर असते. ती ६०च्या खाली गेल्यास हायपोग्लायसेमिया मानला जातो. पशुवैद्यकाकडे थेंबभर रक्तावर काही क्षणांत ही तपासणी होते.

तातडीने काय करावे?

पिल्लू शुद्धीवर असेल तर मध किंवा घट्ट ग्लुकोजचे पाणी बोटाने हिरड्यांवर चोळावे. गिळता येत असेल तर थोडे खायला द्यावे. बेशुद्ध असल्यास किंवा झटके येत असल्यास तोंडात काहीही ओतू नये. ते फुप्फुसात जाऊ शकते. फक्त हिरड्यांना किंचित मध लावावा आणि बोट चावले जाणार नाही याची काळजी घ्यावी. उबदार कपड्यात गुंडाळून लगेच पशुवैद्यक गाठावा. पिल्लू सावरले तरी तपासणी टाळू नये, कारण साखर पुन्हा घसरू शकते. ‘शुगर-फ्री’ पदार्थ मात्र कदापि देऊ नयेत. त्यातील झायलिटॉलमुळे श्वानांची साखर आणखी कोसळते, यकृतही निकामी होऊ शकते.

कसे टाळावे?

दिवसातून चार-पाच वेळा, अगदी लहान पिल्लांना दर तीन-चार तासांनी थोडे थोडे खायला द्यावे. शेवटचे खाणे झोपण्यापूर्वी आणि पहिले पहाटे. पहिले काही दिवस आधीचाच आहार ठेवावा. गाईच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात, म्हणून दूध-पोळीवर भिस्त नको. घरी आणल्याच दिवशी आंघोळ, थंड फरशी, एसी टाळावेत. खेळ आवरता घ्यावा, रोज वजन करावे, जंतनाशक डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. ‘खबरदारी’ म्हणून रोज साखर देणे मात्र चूक आहे.

पिल्लू आणतानाच काय पाहावे?

श्वान प्रजनन व विपणन नियम, २०१७ नुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. ‘जितके लहान तितके गोंडस’ या मोहात आईपासून लवकर तोडलेले पिल्लू पहिल्याच रात्री संकटात सापडू शकते. पिल्लू स्वतःहून नीट खाते का, हे समोर पाहूनच घरी आणावे.

वय वाढल्यावर हा धोका बहुधा ओसरतो. मोठ्या श्वानाची साखर वारंवार घटत असेल, तर यकृताच्या रक्तवाहिन्यांतील दोष, संसर्ग किंवा स्वादुपिंडातील गाठ असू शकते. तेव्हा मधाच्या बाटलीवर विसंबू नये. सविस्तर तपासण्या करून घ्याव्यात.