लौकिक आणि परीक्षक : 'कॉमन सेन्स' ह्या कल्पनेचा एक विचार

'कॉमन सेन्स' ह्या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच असा प्रतिशब्द सापडत नाही, ही गोष्ट आपल्या भाषेतील उणीव म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती उणीव नव्हे. अमावास्येस प्रवासाला निघू नये, ही लोकसमजूत होय. पूर आलेल्या नदीत बैलगाडी घालू नये, ही अक्कल होय. पहिल्या ठिकाणी लोक काय मानतात हे सांगितले आहे, दुसऱ्या ठिकाणी लोकांच्या अंगी असलेल्या निर्णयशक्तीचा निर्देश आहे. इंग्रजी शब्द ह्या दोहोंवर एकच पांघरूण घालतो, आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील ह्या विषयाचा पुष्कळसा गोंधळ त्या पांघरुणाखाली वाढलेला आहे. ('सामान्यज्ञान' हा शब्द तर परीक्षार्थींनी केव्हाच पळविला, तो येथे निरुपयोगी.)

ॲरिस्टॉटलच्या लेखी ह्या नावाची शक्ती अगदीच निराळी होती. साखर पांढरी आहे हे डोळा सांगतो, गोड आहे हे जीभ सांगते. परंतु पांढरेपणा व गोडी ह्यांतला भेद डोळ्याला कळत नाही आणि जिभेलाही कळत नाही. तो ज्या शक्तीमुळे कळतो ती त्याची 'सामान्य संवेदना' होय. रोमन लेखकांच्या हाती ह्या शब्दाला समाजात मुरलेल्या समजुतीचा व औचित्याचा अर्थ आला. ह्यूमच्या संशयवादाला उत्तर म्हणून १७६४ साली स्कॉटलंडमधील टॉमस रीड ह्याने 'कॉमन सेन्स'ला तत्त्वज्ञानाच्या पायाचा मान दिला. बाह्य जग आहे, स्मृती सर्वसाधारणपणे विश्वसनीय आहे, इतरांनाही मन आहे, ही तत्त्वे सिद्ध करता येत नाहीत, कारण सिद्धीचा सारा व्यवहार त्यांच्यावरच उभा असतो, असे त्याचे म्हणणे. कांटने १७८३ साली रीड व त्याच्या अनुयायांवर कठोर टीका केली. युक्तिवाद संपला की जनसमुदायाच्या मताचा आश्रय घ्यावयाचा, ही त्याच्या मते पळवाट होती. पुढे १९२५ मध्ये जी. ई. मूरने रीडचाच पक्ष नव्या काटेकोरपणाने मांडला.

ह्या साऱ्या वादात एक गृहीत समान आहे. 'कॉमन सेन्स'ला न्यायाधीशाच्या आसनावर बसवावे की नाही, एवढाच प्रश्न दोन्ही पक्ष विचारतात. न्यायदर्शनाने त्याला निराळेच स्थान दिले आहे, आणि माझ्या मते ते अधिक विचारपूर्वक दिलेले आहे.

गौतमाच्या सोळा पदार्थांत पाचवा पदार्थ 'दृष्टान्त' हा आहे. ज्या गोष्टीविषयी लौकिक आणि परीक्षक ह्या दोघांची बुद्धी सारखीच चालते ती गोष्ट म्हणजे दृष्टान्त, अशी त्याची व्याख्या. लौकिक म्हणजे ज्याला उपजत वा शिक्षणाने बुद्धीचा विशेष उत्कर्ष प्राप्त झालेला नाही तो, आणि परीक्षक म्हणजे तर्काने व प्रमाणांनी वस्तूची पारख करू शकणारा, असे वात्स्यायन सांगतो. पर्वतावर अग्नी आहे हे सिद्ध करावयाचे असता नैयायिक स्वयंपाकघराचा दाखला देतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. चुलीपुढे बसलेल्या बाईला जे ठाऊक आहे तेच पंडितालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच त्या जागेवरून अनुमान पुढे पाऊल टाकू शकते. येथे लौकिकाचे काम पर्वताविषयी निकाल देण्याचे नाही. परंतु चुलीविषयीच्या त्याच्या साक्षीला डावलून परीक्षकालाही निकाल देता येत नाही. दृष्टान्ताशी येणारा विरोध प्रतिपक्षाला बाधक ठरतो, हेही भाष्यकार स्पष्ट करतो. लोकबुद्धी न्यायाधीश नव्हे, ती साक्षीदार होय. साक्ष खोडून काढता येत नाही, पण साक्ष म्हणजे निकालही नव्हे.

ह्या विचाराचा वऱ्हाडशी संबंध केवळ ओढूनताणून लावलेला नाही. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेले रिद्धपूर हे तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या वाङ्मयनिर्मितीचे केंद्र होते. चक्रधरांनी निरूपणात सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त संकलित केले. त्याची रचना पाहण्याजोगी आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट मराठीत येते ती ह्या ग्रंथातून. केसोबास संस्कृतचे पंडित होते. परंतु संस्कृतात लिहिल्यास पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, ह्या विचाराने नागदेवाचार्यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले, हे 'स्मृतिस्थळा'च्या वाचकांस ठाऊक आहे. मात्र 'दृष्टान्तपाठा'तील दृष्टान्त सूत्र उजळतो, ते सिद्ध करीत नाही. सूत्र आधीच प्रमाण आहे. लौकिकाला येथे समजावून दिले जाते, त्याची साक्ष काढली जात नाही.

साक्ष काढली ती गाडगे महाराजांनी. डेबूजी झिंगराजी जानोरकर ह्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला, आणि ते वाढले अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी. मामाची जमीन सावकाराच्या कागदात गेली, तेव्हा कर्ज ही वस्तू त्यांनी जवळून पाहिली होती. १९०५ साली त्यांनी घर सोडले. त्यानंतर १९५६ मध्ये अमरावतीजवळ निधन होईपर्यंत त्यांनी जी कीर्तने केली, त्यांत पूर्वरंग-उत्तररंगाची शास्त्रोक्त मांडणी नव्हती. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, आणि उत्तर मिळाल्यावाचून पुढे जात नसत. सत्यनारायणाच्या कथेत बुडालेली नौका वर येते, तर महायुद्धात बुडालेल्या बोटी पूजा घालून वर काढता येतील काय? श्रोते 'नाही' म्हणत. ते 'नाही' वक्त्याचे नव्हते, ज्याने त्याने आपल्या तोंडाने उच्चारलेले होते. बोकडाचा बळी, लग्नासाठी काढलेले कर्ज, अस्पृश्यता, ह्या प्रत्येक विषयात हीच रीत दिसते : अक्कल साक्षीला बोलवावयाची आणि लोकसमजुतीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. बळी देणारा शेतकरीही तितक्याच निःशंकपणे बळी देतो. त्याच्या एका समजुतीला साक्षीदार आणि दुसरीला आरोपी कोणी ठरविले? इटलीच्या तुरुंगात १९२९ ते १९३५ ह्या काळात टिपणवह्या लिहिणाऱ्या ग्रामचीपुढे हाच प्रश्न होता. लोकबुद्धी ही निरनिराळ्या काळांच्या थरांनी बनलेली विसंगत वस्तू असून तिच्यातील निरोगी गाभा वेगळा काढावा लागतो, असे तो म्हणतो. परंतु गाभा ओळखण्याची खूण त्याच्याकडेही ढोबळच आहे. न्यायाच्या व्याख्येतून मिळणारी खूण अधिक नेमकी वाटते. बोट बुडाली की आपोआप वर येत नाही, ह्याविषयी लौकिकाचे व परीक्षकाचे एकमत आहे. बळीच्या फलाविषयी ते नाही. जेथे बुद्धिसाम्य नाही तेथे दृष्टान्त नाही. ही खूण सर्वत्र पुरी पडेल असे मात्र नाही, कारण परीक्षक कोणास म्हणावे हा वाद शिल्लक राहतो, आणि जातिभेदाचे समर्थन करणाऱ्यांत परीक्षक म्हणविणारे थोडे नव्हते.

पुरंदर नावाच्या चार्वाकाने लोकप्रसिद्ध अनुमान मान्य केले होते. लोकमार्ग ओलांडून जाणारे तेवढे नाकारले होते. गाडगे महाराजांचे प्रश्न वाचताना त्याची आठवण होते; परंतु ह्या दोघांत एक मोठे अंतर आहे. देव दगडात आहे काय, तीर्थात आहे काय, नवसाने पावतो काय, हे महाराज श्रोत्यांना विचारीत. देव आहे काय, हे ते विचारीत नसत. तेथे प्रश्न थांबत आणि नामघोष सुरू होई.