मुलगी ‘हो’ म्हणाली तर पुढे काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक, १,७६४ विद्यार्थी आपल्या महाराष्ट्रातील होते. जगातील दर चार आत्महत्यांपैकी जवळपास तीन गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा हा केवळ श्रीमंतांच्या मुलांच्या ‘टेन्शन’चा प्रश्न नव्हे!

यावर उपाय म्हणून शाळांतून तपासणी सुचविली जाते. ‘मरून जावे असे कधी वाटले का?’ असे चार-पाच प्रश्न मुलांना विचारायचे. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारलेच पाहिजे, असे आमचे मत आहे. पण भर वर्गात, वर्गशिक्षकासमोर कोणते पोर खरे सांगेल? आणि मुलगी ‘हो’ म्हणाली तर पुढे काय? या देशात लाख लोकांमागे सरासरी एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. ‘वेडी’ असा शिक्का मारून तिच्या हातात दाखला दिला, तर ती तपासणी नव्हे, शिक्षा झाली.

माणसे नाहीत ही सबब मात्र चालणार नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये ‘सेहर’ हा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जिथे प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक नेमले, तिथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांमधील नैराश्य व दादागिरी कमी झाली. तेच काम शिक्षकांवर लादले तिथे असा फरक पडला नाही. आपल्या वस्त्यांत शिकलेले बेकार तरुण काय कमी आहेत?

प्रश्नावली मुलाचे मन तपासते. पण त्याला जातीवरून कोणी हिणवले, हे कोण तपासणार? रोहित वेमुला २०१६ साली गेला तेव्हा तो संशोधक विद्यार्थी होता. परंतु अपमानाची सुरुवात शाळेच्या बाकावरच होते.

कायदा आज मुलांच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे, तसेच जातीवरून होणाऱ्या छळाच्या तक्रारीसाठी गोपनीय व्यवस्था उभारण्याचे निर्देश दिले. कागदावरचा कायदा आपोआप शाळेत येत नाही, तो आणावा लागतो.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी मुख्याध्यापकांना तीन प्रश्न लेखी विचारावेत. समुपदेशक कोण? मुलाने सांगितलेले गुप्त राहील याची हमी काय? जातीवरून छळ झाला तर तक्रार कोणाकडे करायची? उत्तर येईपर्यंत ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लावून घ्या. मुलांना प्रश्न विचारण्याआधी शाळेने या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत!