मागच्या दाराने येणारी दाढ

दहा वर्षांचा मुलगा, उजवा गाल सुजलेला, अंगात ताप. आई म्हणाली, ‘‘दाढ किडलीय डॉक्टर, पण दुधाचीच आहे. पडून दुसरी येईल म्हणून थांबलो.’’ तोंड उघडून पाहिलं. खालच्या जबड्यातली सगळ्यात मागची दाढ; वरचा भाग जवळजवळ संपलेला. ती दुधाची नव्हतीच. सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ होती ती. तिच्या जागी दुसरी येणार नाही, हे त्या माउलीला पटेना. ‘‘पण एकही दात न पडता नवा कसा येईल?’’

प्रश्न रास्त होता. आपण दातांकडे ‘जुना पडतो, नवा येतो’ एवढ्याच हिशेबाने पाहतो. दातांचं वेळापत्रक मात्र त्याहून बरंच लांबलचक आहे.

गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हाच जबड्यात दुधाच्या दातांचे अंकुर धरू लागतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांच्यावर खनिजांचे थर चढायला सुरुवात होते. म्हणजे बाळ बोळकं घेऊन जन्मतं हे खरं, पण त्याच्या हिरड्यांखाली वीस दात अर्धेमुर्धे घडलेले असतात. आणि नेमकं जन्माच्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढेचं कवच तयार व्हायला लागतं. मघाच्या मुलाची दाढ त्याच्या बारशाच्या वेळीच आत घडत होती!

हे कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. मोडलेलं हाड जुळून येतं; किडलेलं एनॅमल शरीराला पुन्हा घडवता येत नाही. म्हणूनच बालपणी जे घडतं त्याची नोंद दातावर कायमची राहते. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या मुलांच्या दातांवरचे पांढरे-तपकिरी डाग याच घडणीच्या काळातले. टेट्रासायक्लिन हे औषध आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना शक्यतो देत नाहीत, त्याचं एक कारणही हेच.

पहिले दात बहुधा खालच्या पटाशीचे, सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान. कुणाला वर्ष लागतं, त्यात काळजीचं काही नाही; दीड वर्षापर्यंत एकही दिसला नाही तर मात्र दाखवावं. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, असं अजूनही कानावर येतं. मामांनी निर्धास्त असावं.

त्याहून घातक समजूत म्हणजे ‘दात येताना जुलाब होतातच’. लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, पोर किरकिर करतं, इतपत ठीक. पण याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, उष्टावण झालेलं असतं आणि हाताला लागेल ते तोंडात जात असतं. जुलाब होतात ते या जंतूंमुळे. १००.४ अंशांच्या वरचा ताप किंवा पातळ जुलाब दातांच्या नावावर खपवू नका. ओआरएस सुरू करा आणि बाळाला दाखवा. डोळे खोल गेलेली, मलूल पडलेली बाळं ‘दात येतायत’ या चिठ्ठीसह येतात, तेव्हा वाया गेलेल्या दोन दिवसांची हळहळ वाटते.

अडीच वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. मग काही वर्षं तोंडात शांतता. आत मात्र कायमचे दात वाढत असतात आणि वर सरकताना दुधाच्या दातांची मुळं विरघळत जातात. पडलेला दात हातात घेऊन पाहा, मूळ जवळपास नसतंच. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात आणि खालून येणाऱ्याची जागा राखतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या फटीत कलंडतात आणि नव्या दाताची वाट अडते. ‘पडणाराच आहे’ म्हणून दुधाच्या दाताकडे दुर्लक्ष करणंही म्हणूनच महागात पडतं.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत जबडा मागच्या बाजूने लांबलेला असतो. त्या नव्या जागेत, सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे, चार कोपऱ्यांत चार दाढा येतात. कुणाला हटवून येत नाहीत, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. बारा वर्षांच्या आसपास येणारी दुसरी दाढ आणि सतरानंतरची अक्कलदाढ (ती सगळ्यांना येतेच असं नाही) यांचीही हीच रीत.

ओळखायची खूण सोपी आहे. समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. सहावा दिसला की तो कायमचा.

ही दाढ पुरती वर यायला काही महिने घेते. तोवर ती शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, तिच्यावरच्या खाचा खोल असतात आणि सरळ धरलेला ब्रश तिथवर पोचत नाही. ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून ती घासावी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत हे काम मोठ्यांनीच करावं, फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन. खाचा खोल असतील तर दंतवैद्य त्या सीलंटने बुजवतात. दुखत नाही, कोरावंही लागत नाही.

त्या मुलाची दाढ आमच्या दंत विभागाला वाचवता आली नाही. पुढच्या आठवड्यात आई त्याच्या सात वर्षांच्या बहिणीला घेऊन आली. बाकावर बसल्या बसल्याच तिने पोरीला ‘आ’ करायला लावलं आणि बोटाने मोजलं. खालच्या दोन्ही दाढा वर आल्या होत्या, वरच्या दोन हिरडीतून नुकत्याच डोकावत होत्या.