कात्रप : ताजा घोडा तयार हवा

बदलापूर पूर्वेला कात्रपच्या रस्त्यावर सकाळी सहाच्या सुमाराला शेअर रिक्षांची रांग लागते. मागे तीन, चालकाच्या शेजारी अर्धवट बसलेला चौथा, मांडीवर डब्याची पिशवी आणि नजर मोबाइलमधल्या घड्याळावर. मिनिटभर उशीर झाला तर ठरलेली फास्ट चुकते. एके काळी भातखाचरांचे गाव असलेले कात्रप आता बदलापूरच्या इमारतींत इतके मिसळून गेले आहे की त्याची वेस कुठे होती हे दाखवता येत नाही. कुळगाव-बदलापूर नगर परिषदेच्या हद्दीत २००१ साली सुमारे ९८ हजार माणसे राहत होती, २०११ च्या जनगणनेत ती १ लाख ७४ हजारांवर गेली, आणि त्यानंतरची वाढ पाहायला आकडेवारी लागत नाही, सकाळचा फलाट पुरतो. इतिहास थोडक्यात सांगता येतो. शेजारच्या अंबरनाथला शिलाहारांचे शिवमंदिर शके ९८२ पासून, म्हणजे इसवी सन १०६० पासून उभे आहे. रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५६ मध्ये इथून पुढे घाटाच्या पायथ्याकडे गेली. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, मात्र ज्या झाडांमुळे ते मिळाले ती बांधकामांच्या रेट्यात विरळ होत चालली आहेत, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्यापेक्षा लक्षात राहते ती नावामागची आख्यायिका. सुरतेच्या मोहिमेवर जाणारे शिवाजी महाराजांचे घोडदळ उल्हास नदीच्या काठी थांबे, दमलेले घोडे इथे सोडून ताजे घोडे घेई आणि पुढे जाई. घोडे बदलण्याचे गाव ते बदलापूर, असे इथले लोक सांगतात. या गोष्टीला कागदाचा आधार किती, हा इतिहासाच्या अभ्यासकांचा प्रश्न. पण तिच्यात प्रवासाचे जे शहाणपण आहे ते पक्के आहे. लांबचा पल्ला एका घोड्यावर मारता येत नाही, तो टप्प्यांत तोडावा लागतो. आणि बदलण्यात फायदा होतो तो एकाच अटीवर: दुसरा घोडा खोगीर घालून तयार उभा पाहिजे. तो चरायला लांब गेला असेल, त्याला शोधायला अर्धा कोस चालावे लागत असेल, तर स्वार आहे त्याच दमलेल्या घोड्यावर पुढे जाणे पसंत करील. मुंबई महानगराच्या मेट्रोचे जाळे आखताना नेमकी हीच अट विसरली जाते, आणि त्याची किंमत कात्रपसारख्या शेवटच्या टोकाच्या वस्त्या मोजतात.

बदलापूरसाठी आखलेली मेट्रो १४ कांजूरमार्गहून निघते, ठाण्याच्या खाडीखालून भुयारातून घणसोलीला येते आणि महापे, शिळफाटा, अंबरनाथ या बाजूने बदलापूरला पोचते. लांबी सुमारे ३८ किलोमीटर, अंदाजित खर्च सुमारे १८ हजार कोटी रुपये. गेली काही वर्षे ती अहवाल आणि मंजुऱ्यांच्या फेऱ्यांत आहे. हिच्याकडे आतापर्यंत ‘मुंबईला जाण्याचा आणखी एक रस्ता’ म्हणूनच पाहिले गेले. माझे म्हणणे असे की हा आराखडा उलट्या टोकाने वाचला पाहिजे: आधी बदलापूर ते घणसोली हा खाडीअलीकडचा भाग बांधून सुरू करावा आणि सर्वांत खर्चिक, सर्वांत वेळखाऊ असा खाडीखालचा भुयारी टप्पा शेवटी जोडावा. बदलापूरहून सीएसएमटीचे ६८ किलोमीटर लोकल दीड तासाच्या आसपास कापते. त्या सरळ प्रवासात मेट्रो तिला सहजी हरवणार नाही. खरी अडचण आडव्या प्रवासाची आहे. कात्रपहून महापेला कामावर जायचे तर आधी लोकलने ठाणे गाठायचे, तिथे गर्दीतून पूल चढून ट्रान्स-हार्बरचा फलाट गाठायचा, मग उलट दक्षिणेला घणसोली किंवा कोपरखैरणे, आणि तिथून पुन्हा रिक्षा किंवा बस. नकाशावर महापे डोंगरापलीकडे आहे, प्रवास मात्र द्राविडी प्राणायामाचा. रस्त्याने जावे तर शिळफाट्याची कोंडी. घणसोलीपर्यंतची मेट्रो हा वळसा मोडेल, आणि घणसोलीला २००४ पासून चालू असलेली ठाणे-वाशी रेल्वे हाताशी असल्यामुळे पहिल्या दिवसापासून ती जाळ्याचा भाग असेल.

अदलाबदलीची जागा कशी असते यावर मार्गाचे यश किती अवलंबून असते, याचा दाखला मुंबईनेच दिला आहे. मेट्रो १ ही मार्गिका जून २०१४ मध्ये सुरू झाली. अवघी ११.४ किलोमीटर आणि १२ स्थानके; पण तिने पश्चिम आणि मध्य रेल्वेला आडवे जोडले, म्हणून ती भरभरून चालली. त्याच यशाने घाटकोपरचा श्वास कोंडला, कारण मेट्रोतून उतरणारा लोंढा ज्या पुलांवर आणि फलाटांवर रिता होणार होता, ते त्या मापाने वाढवलेलेच नव्हते. म्हणजे दोन मार्ग एकमेकांजवळ आणणे हे अर्धेच काम असते. जगात इतरत्रही मोठी जाळी सुधारली ती याच वाटेने. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेने मध्याकडे धावणाऱ्या मार्गांना छेदणारे वर्तुळ १९५४ मध्ये पूर्ण केले आणि मधल्या स्थानकांवरचा भार वाटून घेतला. आपल्याकडे वर्तुळाचा विचार आजही मागे आहे. आखले जाणारे बहुतेक मार्ग मुंबईकडे तोंड करून बसतात.

या मांडणीवर पहिला आक्षेप येईल तो पैशांचा. मुंबईला न पोचणारी मेट्रो चालवायची तर उत्पन्न कुठून येणार? प्रश्न रास्त आहे. पण टप्प्याटप्प्याने सुरू होणे ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत ऑक्टोबर २०२४ मध्ये, आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये खुली झाली. पूर्ण होईपर्यंत कुलूप लावून ठेवली असती तर पहिले वर्ष वाया गेले असते. पहिला टप्पा स्वतंत्र चालवायचा तर गाड्यांचा डेपो बदलापूरच्या बाजूला धरावा लागेल, ही अडचण खरी आहे. म्हणून त्यासाठी जागा आताच राखली पाहिजे, ती इमारतींखाली गेल्यावर शोधून उपयोग नाही. दुसरा आक्षेप असा की रेल्वेचीच क्षमता वाढवा, मेट्रो कशाला? कल्याण-बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका २०१९ च्या मंजुरीत आहे, आणि ती झालीच पाहिजे. कळवा-ऐरोली जोडमार्गही हवाच. त्यातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, कळव्याला जोडणारा उन्नत भाग मात्र अडून आहे. तरीही हा जोडमार्ग झाला तरी कात्रपकराची गाडी कल्याणच्याच रुळांवरून जाणार आणि तिथल्या गर्दीतच भर घालणार. शिवाय एकाच रुळावर विसंबलेल्या शहराचे काय होते ते २७ जुलै २०१९ ला दिसले. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. दुसरा, उंचावरून जाणारा मार्ग ही या भागाची चैन नाही, गरज आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. लोकांना गाडी बदलणे आवडत नाही. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळावे म्हणून अंबरनाथ-उल्हासनगरची माणसे उलट दिशेने डाउन गाडीने इथपर्यंत येतात, मग मिळालेली जागा ती मध्येच का सोडतील? उत्तर त्या आख्यायिकेतच आहे. लोक बदलायला नाखूश नसतात, बदलताना हाल सोसायला नाखूश असतात. छत नसलेला पूल, बंद पडलेला सरकता जिना, दोन वेगळी तिकिटे, सुटून गेलेली गाडी यांची ती भीती असते. घणसोलीला मेट्रोचा फलाट रेल्वेच्या फलाटाला छताखालच्या रुंद पुलाने जोडलेला असेल, तिकीट एकच असेल आणि दोन्हीकडच्या वेळा जुळलेल्या असतील, तर बदल खटकणार नाही.

हाच नियम कात्रपच्या टोकालाही लागू होतो, आणि इथे मुद्दा चौकापर्यंत येतो. बदलापूरचे शेवटचे स्थानक रेल्वे स्थानकापासून लांब, मोकळी जागा मिळाली म्हणून कुठेतरी उभे राहिले, तर पूर्वेच्या वस्तीला शेअर रिक्षाच्या दोन रांगा लावाव्या लागतील. ते रेल्वेच्या पुलाला थेट जोडावे, पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे उतरता यावे, आणि कात्रप, शिरगाव, खरवईकडून येणाऱ्या रस्त्यांना चालण्याजोगे पदपथ आणि रिक्षा-बसला आखीव थांबा मिळावा. अब्जावधींच्या प्रकल्पात हा खर्च किरकोळ आहे, पण नंतर करायचा म्हटला की जागाच उरत नाही. मेट्रो १४ चा अंतिम नकाशा हरकती-सूचनांसाठी समोर येईल तेव्हा कात्रपकरांनी स्थानकाच्या नावावरून वाद घालण्याआधी एक अंतर मोजून पाहावे: मेट्रोच्या दारापासून लोकलच्या दारापर्यंत किती पावले, किती जिने. ते कमी करून घेण्याची वेळ तीच असेल.